टाटा चारशे सात ट्रकला पुश बटण आणि चोरस्विच : वायर कापायच्या आधीची तयारी

चावीच्या स्टार्टच्या जागी दाबायचं बटण आणि चोराला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून लपवलेला स्विच, म्हणजे चोरस्विच, हे दोन्ही स्वतः बसवायचं तर आधी दिवस ठरवा. ज्या दिवशी भाडं नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही असा दिवस. हे सगळ्यात पहिलं लिहितोय कारण मी नेमकं उलटं केलं होतं, रात्री नऊला डॅशबोर्ड उघडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला निघायचं होतं, मग काय, पहाटे तीनला मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून वायरी जोडत बसलो आणि ते काम पुढं कुठं नडलं ते सांगतोच.

मग बघा की गाडीला खरंच पुश बटण हवंय का. निम्म्या लोकांचं दुखणं वेगळंच असतं, चावी फिरवली की नुसतं टक् होतं, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, घेत नाही, की म्हणायचं स्विच गेला, बटण बसवू. अरे आधी मल्टीमीटर लावा की. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.५-१२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, सेल्फ मारताना ९.५ च्या आसपासच्या खाली जायला नको. गेली तर बॅटरी. बॅटरी ठीक असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला की समजायचं अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडणारी, कुजलीये. आमच्या गल्लीतल्या एकाने बटण बसवलं, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) बसवला, तरी गाडी टक् टकच, शेवटी निघाला चेसिसवरचा अर्थिंगचा गंजलेला बोल्ट. सँडपेपर मारला आणि झालं. पण चावीचा स्विच खरंच घासला असेल, चावी दोन-तीनदा फिरवल्यावर कधी लागतो कधी नाही, तर मात्र बटणाला अर्थ आहे.

चावी काढून टाकायची नाही बरं का. चावी ऑन करायला राहणारच, स्टेअरिंग लॉकही तसाच ठेवायचा, बटण फक्त चावीच्या शेवटच्या स्टार्टच्या झटक्याची जागा घेणार. काही जण पूर्ण चावीच उडवून टाकतात स्टाइल म्हणून, म्हणजे चोराचं एक कुलूप आपणच उघडून द्यायचं.

गाडी १२ व्होल्टची का २४ ची तेही पक्कं करा. चारशे सात १२ ची. मोठ्या गाड्यांत बॅटऱ्या दोन असतात आणि सिरीजमध्ये २४, तिथं रिले, बल्ब, बटणातला लाईट सगळं २४ चं लागतं, आणि दोनातल्या एकाच बॅटरीवरनं १२ ओढायचं नाही, एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दोन्ही जातात. आणि कॉमन रेलची गाडी असेल, ईसीयूवाली म्हणजे डिझेल कॉम्प्युटर सोडतो अशी, त्यात बीएस-६ म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, तर पुढचं वाचू नका, तिथं कंपनीचं इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं) बघा, वायर कापली तर वॉरंटीवरून भांडण नक्की. मी सांगतोय ते जुन्या, साध्या पंपाच्या डिझेलसाठी.

आता मेन गोष्ट. चोरस्विच काय बंद करणार हे कागदावर लिहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका. पेट्रोल गाडीत स्पार्क तोडला की विषय संपला, डिझेलला स्पार्कच नाही. तुम्ही सेल्फची वायर तोडली तर चोर काय करणार? तेच जे आपण बटण खराब झाल्यावर करतो, गाडीखाली वाकायचं, पाना घ्यायचा आणि सेल्फचे टर्मिनल शॉर्ट करायचे. हे आपल्या प्रत्येक क्लीनरला येतं तर चोराला येणार नाही? नाहीतर उतारावर गाडी लोटून गिअरमध्ये टाकायची, सुरू. म्हणजे सेल्फचा चोरस्विच फक्त नवशिक्यासाठी आणि घरातल्या पोरांसाठी. खरी नस डिझेलची आहे, पंपाचा सोलेनॉइड, म्हणजे करंटने ओढली जाणारी कळ, जी डिझेल चालू-बंद करते.

ज्यांच्या गाडीत बंद करायला अजून ओढायची केबल आहे त्यांच्याकडे सोलेनॉइडच नसेल, मग इलेक्ट्रिकच्या चोरस्विचने फार काही होत नाही, त्यापेक्षा स्टेअरिंगला नाहीतर गिअरला लोखंडी लॉक घ्या आणि पैसे वाचवा. सोलेनॉइड असेल तर तो कुठल्या जातीचा ते तपासा, टेस्ट लॅम्पची एक वायर अर्थला आणि टोक सोलेनॉइडच्या वायरला, चावी ऑन केल्यावर लाईट लागून राहिला तर करंट असेपर्यंत डिझेल चालू, हा आपल्या कामाचा. लाईट फक्त चावी बंद करताना काही सेकंद लागला तर तो उलटा, करंट दिल्यावर बंद होणारा, त्याची वायर तोडलीत तर चोर निवांत गाडी घेऊन जाईल आणि तुमची मात्र बंदच होणार नाही.

आणि इथंच माझं नडलं होतं. पहिल्या वेळी मी साधा टॉगल स्विच, म्हणजे वर-खाली करून ठेवायचा खटका, सोलेनॉइडच्या वायरीत मधे टाकला, वायरी पिळून वर टेप. आठ-दहा दिवस मस्त चाललं. मग माळशेज उतरताना, भरलेली गाडी, तिसरा गिअर, एकदम इंजिन शांत. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम बनायचा थांबतो, ब्रेक पहिल्या एक-दोन वेळेला नीट लागतो आणि मग पेडल दगडासारखं होतं, दोन्ही पायांनी उभं राहावं तसं दाबलं, हँडब्रेक ओढला, डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. क्लीनर काही बोलेना, पाणी पीत बसला नुसता. पिळलेली वायर निसटली होती, बाकी काही नाही. तेव्हापासून माझा नियम एकच, चोरस्विच असा पाहिजे की तो सुरू होऊ देणार नाही, पण सुरू झालेली गाडी त्याला धक्का लागून बंद पडणार नाही.

त्यासाठी टॉगल घ्यायचाच नाही. छोटं दाबायचं बटण घ्या, हेच चोरबटण, दाबून सोडलं की परत येणारं, आणि सोबत चार पिनचा रिले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला चावी ऑनची लाईन फ्यूजमधून, ८७ वरून सोलेनॉइडला, ८५ अर्थला, आणि ८६ ला चोरबटणाची वायर, बटणाला करंट चावी ऑनवरूनच. आता गंमत अशी की ८७ वरून ८६ ला एक छोटी वायर परत द्यायची, तिच्यात १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा), पांढरी पट्टी ८६ कडे. म्हणजे चावी ऑन केली, चोरबटण एकदा टुक् दाबलं की रिले स्वतःच स्वतःला धरून ठेवतो, चावी बंद करेपर्यंत. चालू गाडीत त्या बटणाला गुडघा लागो, क्लीनरचा पाय लागो, काही फरक नाही. आणि चावी बंद केली की आपोआप लॉक, रात्री ढाब्यावर झोपेत लक्षात ठेवून स्विच टाकायची गरज नाही, हे मला सगळ्यात आवडतं कारण टॉगल असताना मी चारातल्या तीन रात्री विसरायचो. डायोड टाळू नका, नाहीतर दाबताना सोलेनॉइडचा सगळा करंट त्या इवल्याशा बटणातून जातो. पंपाच्या आतला सोलेनॉइड थोडाच ओढतो पण बाहेरचा दोन कॉइलचा खेचताना बराच ओढतो, म्हणून आधी अँपिअर मोजा मग फ्यूज आणि वायर ठरवा.

सेल्फच्या बटणाला वेगळा रिले. त्याच्या ३० ला बॅटरीवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ वरून सेल्फच्या बारीक टर्मिनलला, ८५ अर्थ, ८६ ला डॅशवरचं बटण. डायरेक्ट बटणातून सेल्फचा सोलेनॉइड चालवायचा नाही, तो खेचताना क्षणभर पंचवीस-तीस अँपिअर मागतो आणि ते झगमग निळ्या रिंगचं बटण महिन्यात आतून जळतं. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही. आणि या बटणाला करंट चोरबटणाच्या रिलेच्या ८७ वरून द्या, म्हणजे चोरबटण दाबल्याशिवाय सेल्फही फिरणार नाही आणि खालून शॉर्ट करून फिरवला तरी डिझेल येणार नाही.

सामानाची चिठ्ठी करून एकाच खेपेत आणा. १२ व्होल्टचे ४० अँपिअरचे चार पिनचे रिले तीन, दोन बसवायला एक स्पेअर, पाच पिनचे नको कारण मधली पिन चुकून जोडली जाते आणि मग काहीच्या काही चालतं. रिलेचे सॉकेट. ब्लेड फ्यूजचे होल्डर, फ्यूज ५, १० आणि ३० चे, दोन-दोन जास्तीचे. सेल्फच्या लाईनीला ४ स्क्वेअर एमएमची वायर, बाकीला १ आणि १.५ ची, ऑटोवाली, घरच्या फिटिंगची एकतारी अजिबात नाही, ती गाडीच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि वरून दिसतही नाही. लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), हीटश्रिंक (तापवलं की आवळणारी नळी), कोरुगेटेड पाईप, केबल टाय, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकाला रबरी ग्रोमेट. क्रिंपिंगचा पक्कड उसना आणा पण चांगला आणा. डॅशवरचं बटण घेताना दुकानदाराला विचारत बसू नका, हातात घेऊन दाबून बघा, दाबलेलं राहिलं तर परत द्या, कारण तसलं बटण बसलं तर इंजिन सुरू होऊनही सेल्फ फिरत राहणार आणि मग दात, कॉइल, सगळं जळून निवांत.

बटणाची जागा हॉर्नजवळ किंवा वायपरच्या स्विचजवळ नको, चालू इंजिनात चुकून दाबलं की फ्लायव्हीलच्या रिंगवर जो कर्र आवाज येतो तो ऐकवत नाही. आणि जुन्या गाडीला क्लच दाबला की नाही हे बघणारा स्विच नसतो, गिअरमध्ये असताना बटण दाबलं की गाडी पुढं उडी मारते, आमच्याकडं केबिनमध्ये पोरं चढतात, चकाकतं बटण दिसलं की दाबणारच. चोरबटणामुळे हा धोका बराच कमी होतो, पण गाडी उभी असली की चावी काढून खिशात.

चोरबटण कुठं लपवायचं ते मी सांगणार नाही, माझं कुठंय तेही नाही, फक्त कुठं नको ते सांगतो. देवाच्या फोटोमागं नको, अख्ख्या तालुक्याने तिथंच लावलंय. चावीच्या खाली डॅशच्या आत नको, सीटखाली जिथं जॅक आणि पाने आदळतात तिथं नको, पाणी टपकतं तिथं नको. सीटवर बसून पट्टा लावलेला असताना न वाकता हात किंवा पाय पोचला पाहिजे, आणि शेजारी बसलेल्याला कळता कामा नये. वायर नवीन लाल-पिवळी टाकू नका, जुन्या हार्नेसच्या रंगाची घ्या आणि त्याच गुंडाळीत घाला. रिले उभे लावा, तोंड खाली, म्हणजे पाणी आत साचत नाही.

कागदाचं थोडक्यात. चोरीच्या क्लेमला विमावाले गाडीच्या दोन्ही चाव्या मागतात, दुसरी चावी घरात आहे का आजच बघा. गाड्या तपासणाऱ्या एआरएआय संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्राला प्रीमियमात थोडी सूट असते, आपल्या घरगुती जुगाडाला नसते, अपेक्षा ठेवू नका. पण लाईनीत फ्यूज टाकाच, वायरीने आग लागली तर क्लेमच्या वेळी हीच वायर दाखवतील.

कामाच्या दिवशी सपाटीला गाडी, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. हातातली अंगठी, कडं काढा, बॅटरीची आधी निगेटिव्ह सोडा मग काय ते. कापण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो आणि टेपच्या झेंडीवर नंबर. पिळून टेप कुठंही नाही, लग नाहीतर सोल्डर आणि वर हीटश्रिंक, मग हाताने ओढून बघायचं, निसटली तर माळशेजात निसटण्यापेक्षा अंगणात निसटलेली बरी. इंजिन चालू असताना बॅटरी सोडून टेस्ट करायची हौस कोणी करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

जोडून झालं की चोरबटण न दाबता बटण मारून बघा, काही व्हायला नको. दाबून मारा, सुरू व्हायला पाहिजे. चालू असताना चोरबटण दहा वेळा दाबा, काही फरक पडायला नको. चावी बंद केली की लगेच बंद व्हायला पाहिजे, नाही झाली तर कुठून तरी उलटा करंट येतोय, तशी गाडी बाहेर काढू नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मधे अर्धा मिनिट थांबा. पहिला आठवडा जवळच्याच खेपा मारा.

एक हातभर वायर, दोन्ही टोकांना क्लिप आणि मधे फ्यूज, पान्यांच्या पिशवीत टाका, चोरबटणाचा रिले रस्त्यात मेला तर त्याच वायरीने सॉकेटच्या ३० आणि ८७ ला जोडून घरी येता येतं. हा जोड कसा करायचा ते ड्रायव्हरला शिकवा. ड्रायव्हर सोडून गेला की मात्र त्याच आठवड्यात चोरबटणाची जागा बदला, माणूस कितीही चांगला असो. सगळ्या जोडणीचं चित्र काढून घरी कपाटात ठेवा, गाडीत नाही, आणि घरात एकाला तरी बटण कुठंय ते दाखवून ठेवा, मी बायकोला दाखवलंय, तिने पहिल्यांदाच न बघता दाबलं आणि म्हणाली एवढंच होय.