रिक्वायरमेंटमधल्या चुका टूलने पकडायच्यात? आधी टेबल काढा

नवीन जॉइन झालेली मुलं विचारतात, फॉर्मल मेथड्स (म्हणजे सिस्टिम बरोबर आहे का हे गणिताने तपासणं) शिकायच्यात, कुठलं टूल घेऊ. माझं म्हणणं, टूल राहू दे, आधी एक स्पेक, म्हणजे सिस्टिमने काय करायचं ते, कुठल्या अटीला काय अशा टेबलात उतरवून बघ, निम्म्या चुका तिथेच डोळ्यांवर येतात.

मी पुण्यात ऑटोमोटिव्हमध्ये, त्यामुळे उदाहरण गाडीचंच. समजा लिहिलंय की स्पीड २० च्या वर गेला की दारं लॉक, २० च्या खाली आला की अनलॉक आणि धडक झाली की अनलॉक. वाचायला एकदम ओके, रिव्ह्यूत सगळे माना डोलावतात. पण बरोबर २० ला काय? आणि ६० ला धडक झाली तर दोन्ही नियम लागू होतात, मग ऐकायचं कुणाचं? केस सुटलीय का आणि दोन नियम भांडतायत का, मुख्यतः हेच टूल तपासतं. झेड-थ्री हा अशा अटी सोडवणारा प्रोग्रॅम, त्याला फक्त सांगायचं की दोन्ही अटी एकदम खऱ्या होतील अशा व्हॅल्यू शोध, सापडल्या तर तो थेट स्पीड ६०, धडक हो असं काढून समोर ठेवतो, मग मीटिंगमध्ये वाद घालायला कुणाला जागा राहत नाही.

हे काही आजचं नाही. १९७८ मध्ये अमेरिकन नेव्हीच्या रिसर्च लॅबने ए-७ विमानाच्या सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट्स अशाच टेबलांत लिहिल्या, सॉफ्टवेअर इंजिनियरिंगमधले संशोधक डेव्हिड पार्नास त्यात होते, आणि पुढे त्याच लॅबमध्ये कॉन्स्टन्स हाइटमायर आणि मंडळींनी ही टेबलं आपोआप तपासणारं टूल केलं. त्यांचा १९९६ चा पेपर नक्की वाचा, आजही समजायला सोपा आहे.

वैताग येतो तो खोट्या अलार्मचा. टूल म्हणतं स्पीड ६० आणि गिअर पार्कमध्ये असेल तर? असं होत नाही म्हणून तुम्ही गृहीतक टाकता आणि अलार्म गप्प होतो, पण गिअरचा सेन्सरच बिघडला असेल तर ती खरी केस होती ना! म्हणून प्रत्येक गृहीतक सिस्टिमवाल्यांकडून तपासून घ्या. आणि २० च्या जागी सगळीकडे २०० पडलं तर टूल चकार शब्द काढणार नाही, कारण नियम आपापसात जुळतायत.

सरावाला झेड-थ्रीची पायथन लायब्ररी पुरे, नंतर रिक्वायरमेंट्स लिहून तपासायचं नासाचं टूल फ्रेट, दोन्ही फुकट. नोकरी शोधताना मात्र फंक्शनल सेफ्टी (बिघाड झाला तरी धोका होऊ नये हे बघणं) किंवा रिक्वायरमेंट्स इंजिनियर असं टाका, फॉर्मल मेथड्स टाकून फारसं काही हाती लागत नाही.