फवारणीचे ‘औषध’ अंगात गेले तर: कोलिनेस्टरेज रोखणारी द्रव्ये समजून घेताना

शेतावर कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. कपाशीला ‘औषध मारले’ असेच म्हणतात. या शब्दामुळे धोक्याची जाणीव बोथट होते, ही तक्रार रास्त आहे. तरीही ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या दोन गटांपुरता तो शब्द अगदीच चुकीचा नाही, कारण अल्झायमरच्या रुग्णाला दिली जाणारी डोनेपेझिलची गोळी आणि मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाटली शरीरातील एकाच विकराला (एन्झाइमला) अडवतात.

त्या विकराचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पोहोचवण्यासाठी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य सोडले जाते आणि निरोप पोहोचताच हे विकर त्याचे क्षणार्धात विघटन करते. विकर अडले की ॲसिटिलकोलीन साचत जाते आणि निरोप थांबतच नाही. कार्बामेटची पकड काही तासांत आपोआप सुटते. ऑर्गॅनोफॉस्फेटची पकड मात्र काळाबरोबर घट्ट होत जाऊन कायमची होते, म्हणून उपचारात वेळेला इतके महत्त्व आहे.

मोजून दिल्यास हाच परिणाम उपयोगी पडतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायू लवकर थकतात. 1934 मध्ये मेरी वॉकर या ब्रिटिश डॉक्टरांनी फायसोस्टिग्मीन देऊन त्यावर उतार पडतो हे दाखवले, आणि आज त्यासाठी पायरिडोस्टिग्मीन वापरतात. शस्त्रक्रियेनंतर स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा अंमल उतरवण्यासाठी, तसेच नागदंशाने श्वासाचे स्नायू दुबळे होऊ लागल्यास, याच गटातले निओस्टिग्मीन, स्राव आटवणाऱ्या ॲट्रोपिनच्या जोडीने देतात. घरात कोणी ही औषधे घेत असेल तर नाडी मंदावणे, चक्कर, जुलाब यांकडे लक्ष ठेवावे. दमा किंवा पोटातील अल्सर असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. अल्झायमरसाठी कातडीवर चिकटवायची रिव्हास्टिग्मीनची पट्टी लावताना जुनी पट्टी काढल्याची खात्री करूनच नवी लावावी. दोन पट्ट्या एकाच वेळी राहिल्यास विषबाधा होऊ शकते.

खरा धोका मात्र पाठीवरच्या पंपाचा आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यामागे वेगवेगळी कीटकनाशके होती, सगळीच या गटातील नव्हती. पण या गटाची लक्षणे ओळखायला सोपी आहेत. फवारणी करणाऱ्याला खूप घाम सुटणे, तोंडातून लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी येणे, उलट्या, पोटात कळा, कपड्यात लघवी होणे, छातीत घरघर, स्नायू फडफडणे आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, यांतील दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या तरी ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून त्याला सावलीत नुसते निजवू नये.

प्रथम रुग्णाला फवारलेल्या जागेपासून मोकळ्या हवेत न्यावे आणि 108 वर फोन लावावा. स्वतःच्या हातांत रबरी मोजे, ते नसल्यास प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून त्याचे सगळे कपडे उतरवावेत आणि साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. केस, नखांच्या खाचा आणि कानांमागची जागा विसरू नये, कारण हे विष कातडीतूनही आत जात राहते. तो बेशुद्ध असेल किंवा त्याला उलट्या होत असतील तर डाव्या कुशीवर ठेवावे. विष पोटात गेले असले तरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. ओकलेले फुप्फुसात गेल्यास दुहेरी संकट ओढवते. बाटली किंवा तिचे लेबल पिशवीत बांधून बरोबर न्यावे. कोणते औषध होते, किती वाजता फवारले आणि लक्षणे केव्हा सुरू झाली, ही तीन उत्तरे तयार ठेवावीत.

रुग्णालयात ॲट्रोपिन पुन्हापुन्हा देतात, आणि ते पुरे झाले की नाही हे प्रामुख्याने छाती कोरडी होण्यावरून ठरते. ॲट्रोपिन स्राव आटवते, पण स्नायूंची दुर्बलता घालवत नाही; त्यासाठी विकर मोकळे करणारे प्रालिडॉक्झिम पकड कायमची होण्याआधी द्यावे लागते, तरी त्याचा प्रत्यक्ष लाभ किती यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. रुग्ण दुसऱ्या दिवशी बोलू लागला की नातेवाईक घरी नेण्याची घाई करतात. ती मुळीच करू नये. एक ते चार दिवसांच्या काळात मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात; उशीवरून डोके उचलता येत नसेल तर तो पहिला इशारा समजावा आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

घरी परतल्यावरही रक्तातील विकर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर थोड्याशा संपर्कानेही लक्षणे उलटू शकतात. म्हणून डॉक्टर सांगतील तोपर्यंत त्या माणसाने पंप पाठीवर घेऊ नये, आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणीलाही जाऊ नये.