शेजारच्या घरातील हिंसा थांबवताना या चुका टाळा

‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये’ हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आहे. किंकाळी ऐकूनही शेजारी गप्प राहिले की मारणाऱ्याला मोकळे रान मिळते. भारतात 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेने सुचवलेला उपाय साधा होता: बेल वाजवावी, काहीतरी किरकोळ मागावे आणि निदान त्या क्षणी मार थांबवावा. मात्र आत शस्त्र असेल किंवा जिवाला धोका दिसत असेल, तर दारात न जाता थेट पोलिसांना कळवावे.

उत्साही माणसांची चूक नेमकी उलटी असते. नवऱ्याला गाठून ‘तिने मला सगळे सांगितले आहे’ असा दम भरणारा आपल्या घरी निघून जातो आणि नवऱ्याचा राग रात्री तिच्यावर निघतो. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणेही असेच अंगलट येते, कारण ज्याची धास्ती आहे त्याच्यादेखत कोणी खरे बोलत नाही.

‘मग त्याला सोडत का नाहीस?’ हा प्रश्न कळकळीने विचारला तरी ऐकणारीला तो आरोपच वाटतो. शिवाय घर सोडण्याचा आणि त्यानंतर लगेचचा काळ बहुधा अधिक धोक्याचा असतो. म्हणून तिला घाई न करता, कागदपत्रांच्या प्रती व थोडे पैसे आपल्याकडे ठेवण्याची तयारी दाखवावी, संकटात वापरायचा एखादा परवलीचा शब्द ठरवावा आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. ती परत गेली म्हणून रागावून बोलणे टाकू नये. ती एकटी पडावी हेच तर त्याला हवे असते. (हे सांगणे सोपे, पाळणे अवघड, हे मान्य आहे.)

‘एकदाच गळा दाबला’ हे वाक्य मात्र कधीही सहज घेऊ नये. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेल्या स्त्रियांची पुढे त्याच्याकडून हत्या होण्याची शक्यता सातपटीहून अधिक आढळली. बाहेरून वळ दिसत नसला तरी आतली इजा गंभीर असू शकते, त्यामुळे तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

यांतले काहीही तिच्या फोनवर लिहून पाठवू नये. तो फोन बहुधा त्याच्याही हातात असतो.