नील पिअर्ट यांची पुण्यतिथी गावात कशी करावी

कॅनडातील रश या रॉक बँडचे ड्रमवादक आणि गीतकार नील पिअर्ट ७ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने गेले. सुमारे साडेतीन वर्षांचे आजारपण त्यांनी आणि त्यांच्या जवळच्यांनी बाहेर फुटू दिले नव्हते आणि निधनाची बातमीही ३ दिवसांनी जाहीर झाली, त्यामुळे जगभरच्या चाहत्यांना मनाची तयारी करायला वेळ मिळाला नाही. विदर्भातील खेड्यांत त्यांचे चाहते थोडेच आहेत. नागपूर किंवा अमरावतीला शिकायला गेलेला एखादा मुलगा तिकडून हे संगीत घेऊन येतो आणि पुढे वर्षानुवर्षे ते इअरफोन लावून एकटाच ऐकतो, त्यामुळे या माणसाचा शोकही त्याला एकट्यानेच करावा लागतो. अशा चाहत्याला गावातील दहा-पंधरा माणसांना, ज्यांनी रशचे नावही ऐकलेले नाही अशांना, सोबत घेऊन एक संध्याकाळ कशी घडवता येईल, ते येथे सांगितले आहे.

आधी एक गोष्ट ठरवून टाकावी. फोटोला हार, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे आणि मनोगते हा आपल्याकडचा नेहमीचा साज येथे नको. प्रसिद्धीच्या झोतात वावरणे किती अवघड जाते, यावर पिअर्ट यांनी ‘लाइमलाइट’ हे गाणेच लिहिले आहे, आणि चाहत्यांच्या गराड्यापासून ते आयुष्यभर दूर राहिले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्यांचे वादन बहुतांशी आधीपासून बांधलेले असे. रेकॉर्डवर जो तुकडा वाजवला तोच ते कार्यक्रमातही जवळजवळ तसाच वाजवत, म्हणून त्यांच्या चाहत्यांना प्रत्येक तुकडा पाठ असतो आणि हजारो माणसे एकाच वेळी हवेत हात मारून त्यांच्यासोबत वाजवत असत. ही आठवण माणसांच्या हातांत राहिली आहे, म्हणून श्रद्धांजलीही ऐकून आणि हाताने ताल धरूनच द्यावी.

वेळ आणि जागा

त्यांची जन्मतारीख १२ सप्टेंबर (१९५२) आहे, परंतु आपल्याकडे तेव्हा पावसाचा आणि सणांचा हंगाम असतो, म्हणून ७ जानेवारीच सोयीची पडते. थंडी असते आणि माणसे संध्याकाळी शेकोटीपाशी तशीही जमतात. मात्र कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी चालू असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते, आणि शेतीच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रपाळीची वीज असेल तर निम्मे गाव मोटारीपाशी असते. वीजपुरवठ्याचे वेळापत्रक आधी विचारून मगच दिवस पक्का करावा. तारीख दोन दिवस पुढे गेली तरी काही बिघडत नाही. साडेसहाला सुरुवात करून नऊच्या आत संपवावे. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही, म्हणूनही बंद जागाच बरी.

जागेचा विचार ध्वनीच्या अंगाने करावा. टिनाच्या छपराखाली आणि उघड्या सिमेंटच्या भिंतींमध्ये आवाज घुमतो, आणि पिअर्ट यांचे झांजांवरील बारीक काम सर्वांत आधी तेथेच हरवते. जानेवारीत अनेक घरांत एखादी खोली कापसाने भरलेली असते. तिच्या लगतची, दार उघडे ठेवलेली ओसरी हा खेड्यात सहज मिळणारा उत्तम स्टुडिओ आहे, कारण कापूस आवाज शोषून घेतो. फक्त तेथे शेकोटी, बिडी आणि उघड्या वायरी यांना सक्त मनाई असावी. ते नसेल तर समाजमंदिरात भिंतींना बारदाना टांगावा, खाली सतरंज्या अंथराव्यात.

डीजेचे बॉक्स आणू नयेत. त्यांतला फुगवलेला खर्ज पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमचा लगदा करून टाकतो आणि दोन ठोक्यांमधली मोकळी जागा, जी या वादनात ठोक्याइतकीच मोलाची आहे, ऐकूच येत नाही. दोन मध्यम आकाराचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून सहा-सात फूट अंतरावर ठेवावेत. घरातला इन्व्हर्टर लहान अँप्लिफायरला दोन-तीन तास सहज पुरतो. गाणी आधीच उतरवून ठेवावीत, कारण ऐन वेळी नेटवर्क जाते. व्हॉट्सअपवरून आलेली फाइल मात्र वापरू नये, कारण तिच्यातले झांजांचे आवाज बऱ्याचदा खरखरीत झालेले असतात.

ओळख करून देताना

सुरुवात पुरस्कारांपासून करू नये. पिअर्ट यांचे वडील शेती अवजारांचे दुकान चालवत आणि नील तेथे सुट्या भागांचा विभाग सांभाळत, इथून सुरुवात करावी. अठराव्या वर्षी नशीब काढायला लंडनला गेलेला, तिथे जम न बसल्याने दीडेक वर्षात परत येऊन बापाच्या दुकानात बसलेला मुलगा आपल्या गावातील श्रोत्याला लगेच ओळखीचा वाटतो. पुढे जुलै १९७४ मध्ये, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, रशने त्यांना घेतले, आणि मग २०१५ पर्यंत गेडी ली, अलेक्स लाइफसन आणि पिअर्ट हे तिघेच बँड राहिले. गाण्यांचे शब्द पिअर्ट लिहीत आणि गात मात्र गेडी ली, हे आवर्जून सांगावे, नाहीतर सारे श्रेय गाणाऱ्याकडे जाते. गेडी ली यांचा उंच, टोकदार आवाज वडीलधाऱ्यांना पहिल्यांदा रुचत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेले चांगले. ‘हा काऊन एवढा वरडते जी?’ हा प्रश्न येणारच. हसावे आणि पुढचे गाणे लावावे.

गाण्यांचा क्रम

सगळी गाणी तासाभराच्या आत बसवावीत. पहिले ‘टॉम सॉयर’ (१९८१) घ्यावे, कारण त्यात ड्रम गाण्याइतकेच पुढे आहेत. त्याचा मधला वाद्यांचा भाग ७ मात्रांत आहे. गावातील भजनी मंडळाचा ढोलकीवाला आणि खंजिरीवाला त्या संध्याकाळी हवेच आहेत, आणि त्यांना हा भाग दोनदा ऐकवावा. रूपक हा ७ मात्रांचा ताल माहीत असलेल्या माणसाला ७ ची मोजणी पटकन सापडते. त्यावर रूपकाचा ठेका मात्र लादू नये, नुसते मोजावे.

दुसरे ‘वायवायझेड’, त्याच अल्बममधले, शब्द नसलेले. टोरांटोच्या विमानतळाची ओळख सांगणारी तीन अक्षरे मोर्स लिपीत जशी वाजतात, तोच या रचनेचा आरंभीचा ताल आहे. लांब ठोक्याला २ आणि आखूड ठोक्याला १ असे मोजले तर पहिल्या दोन अक्षरांचे ७-७ आणि तिसऱ्याचे ६ मिळून २० होतात. हे फळ्यावर रेघा आणि टिंबे काढून दाखवावे, म्हणजे शाळकरी पोरेही मांडीवर वाजवू लागतात. रिओ दि जानिरो येथील २००२ च्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात या शब्द नसलेल्या रचनेची चाल प्रेक्षकच गाताना ऐकू येतात. वेळ असेल तर तो तुकडाही ऐकवावा. भजनाला बसणाऱ्या माणसांना समूहाचे ते गाणे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर शब्दांकडे वळावे. ‘सबडिव्हिजन्स’ (१९८२) हे शहराच्या कडेच्या वसाहतीतील, शाळेत इतरांसारखे वागले नाही म्हणून बाजूला पडलेल्या मुलांचे गाणे आहे. शहराच्या दिव्यांकडे ओढली जाणारी आणि पुढे थकून जुन्या जागेची स्वप्ने पाहणारी माणसेही त्यात आहेत. पुण्याला गेलेली मुले ज्या घरांत आहेत त्या घरांना ते नीट कळेल. प्रत्येक गाण्याआधी आशय आपल्या वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत दोन मिनिटांत सांगावा. ओळीला ओळ भाषांतर वाचून दाखवणे टाळावे. ते ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवते. मग ‘लाइमलाइट’ ऐकवावे.

बैठकीचा गाभा ‘आफ्टरइमेज’ (१९८४) हा आहे. क्वेबेकमधल्या ज्या स्टुडिओत रशचे काम चाले, तेथील ध्वनिसहायक रॉबी व्हीलन अपघातात गेल्यावर पिअर्ट यांनी हे गाणे लिहिले. त्यात मृत्यूवर तत्त्वचिंतन जवळजवळ नाही. जंगलातून बर्फावर घसरत जातानाच्या आरोळ्या आहेत, पहाटेपर्यंतच्या गप्पा आहेत, पाण्याकाठी एकत्र धावणे आहे, आणि हे समजून घेता येत नाही एवढी कबुली आहे. हे गाणे संपल्यावर बोलू नये. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत जशी मौन श्रद्धांजली वाहतात तसे दोन मिनिटे बसावे. विदर्भात ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही.

‘द पास’ (१९८९) या गाण्याबाबत सावध राहावे. आत्महत्येच्या कड्यावर उभ्या असलेल्या तरुणाला मागे फिर म्हणणारे, आणि त्या मृत्यूला थोर समजण्यास साफ नकार देणारे ते गाणे आहे, म्हणून आपल्या भागात ते ऐकवावेसे वाटते. परंतु ज्या घरात कर्जापायी किंवा नापिकीपायी असा मृत्यू झालेला आहे, त्या घरचे कुणी बैठकीला येणार असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन, काकूंना किंवा थोरल्या भावाला गाण्याचा आशय सांगून विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर कारण न विचारता ते वगळावे. लावले तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक त्याच वेळी सांगावा.

यानंतर पिअर्ट यांच्या स्वतःच्या दुःखाची हकिकत थोडक्यात सांगावी. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांची १९ वर्षांची मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली आणि जून १९९८ मध्ये त्यांची सहचारिणी जॅकी कर्करोगाने गेली. मला आता निवृत्त समजा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले होते. मग मोटारसायकल काढून ते १४ महिने भटकले, सुमारे ८८,००० किलोमीटर. गेडी ली आणि लाइफसन यांनी तोवर त्यांची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, हे माझ्या मते त्या बँडच्या साऱ्या संगीताइतकेच मोठे काम आहे. २००२ मध्ये ते परतले तेव्हाच्या अल्बमचे पहिले गाणे, ‘वन लिटल व्हिक्टरी’, नुसत्या ड्रमच्या झंझावाताने सुरू होते. हकिकत संपताच, मध्ये एकही शब्द न घालता, ते लावावे. त्याच्या पाठोपाठ त्या प्रवासावरचे ‘घोस्ट रायडर’ घ्यावे.

ड्रमचा सोलो अनेक जण उत्साहाने पहिल्यांदा लावतात. तसे केल्यास नवख्याला तो नुसता ठोकाठोकीचा खेळ वाटतो. माणूस कळल्यावर तोच सोलो वेगळा ऐकू येतो. रिओच्या कार्यक्रमातील ‘ओ बातेरिस्ता’ येथे घ्यावा. त्याआधी सांगावे की नव्वदच्या दशकात, जगभर नाव झालेले असताना, हे गृहस्थ फ्रेडी ग्रुबर नावाच्या वृद्ध शिक्षकाकडे काठी धरण्यापासून पुन्हा शिकायला गेले होते. ढोलकीवाल्या दादांकडे तेव्हा पाहावे.

शेवटी ‘द गार्डन’ (२०१२). हे त्यांच्या अखेरच्या स्टुडिओ अल्बममधील अखेरचे गाणे आहे. आयुष्य ही राखायची आणि जोपासायची बाग आहे आणि मिळवलेले प्रेम व आदर हेच तिचे मोजमाप आहे, असा त्याचा आशय आहे. येथे ड्रम फार संयमाने येतात, म्हणून आवाज वाढवू नये.

हाताची साथ

ढोलकी, खंजिरी आणि टाळ चालू गाण्यावर वाजवू नयेत. मूळ वादन झाकले जाते. गाणी संपल्यावर, चहा होईपर्यंत, भजनी मंडळाला ७ मात्रांत काहीतरी वाजवायला सांगावे आणि बाकीच्यांनी मांडीवर, बाजेच्या लाकडावर, उलट्या घमेल्यावर ताल धरावा. चुकले तरी कुणी थांबवू नये. लहान मुलांना येथे पुढे बसवावे, ती आधी पकडतात.

दुसऱ्या दिवशी कुणी गाणी मागायला आले तर सगळा साठा एकदम देऊ नये. ‘टॉम सॉयर’ ज्यात आहे तो ‘मूव्हिंग पिक्चर्स’ हा ७ रचनांचा, ४० मिनिटांचा अल्बम सलग ऐकायला द्यावा. ‘२११२’ या अल्बमची पहिली बाजू २० मिनिटांची एकच कथा आहे आणि तिला इंग्रजी जाणणाऱ्या सोबत्याची गरज लागते. ती पुढच्या जानेवारीला ठेवावी.