चित्रं, आकडे आणि बालवाडीतले शब्द

बालवाडीतल्या मुलाला चित्रांवरून शब्द शिकवताना एका वेळी ५ चित्रं पुरे. पोस्टकार्डाएवढी, एका कार्डावर एकच वस्तू. ठाण्यातल्या मुलाला तलावपाळीची होडी, रिक्षा, लोकल ओळखीची, इग्लू कशाला? आधी नाव तुम्ही सांगा, मग ‘होडी दाखव’, शेवटी ‘हे काय?’ सुरुवातच प्रश्नाने केली तर मूल गप्प बसतं.

आकडे आले की मराठीची गंमत सुरू: एक होडी, दोन होड्या, एक आंबा, दोन आंबे, एक केळं, दोन केळी. लाडू मात्र कितीही आणा, लाडूच! म्हणून संख्या नेहमी वस्तूसकट म्हणवून घ्या. मोजताना बोट प्रत्येक चित्रावर टेकू द्या, नाहीतर तोंड पुढे पळतं. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत होते. दोन्ही एकाच दिवशी नकोत.