जपानीत अभिनंदन करायचंय? आधी समोर कोण आहे ते बघा

‘ओमेदेतोऽ’ (अभिनंदन) हा शब्द जपानी शिकणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच येतो आणि पुष्कळांची गाडी तिथेच थांबते. मित्रालाही तेच, साहेबांनाही तेच. साहेबांच्या बढतीवर आपण “वा रे पठ्ठ्या!” म्हणावं, तसं ते होतं.

१. शेवट ठरवा. मित्र, धाकटी भावंडं, लहान मुलं यांना नुसतं ‘ओमेदेतोऽ’ चालतं. शेजारी, शिक्षक, ऑफिसातली माणसं यांना ‘ओमेदेतोऽ गोझाइमास’. शंका असेल तर गोझाइमास लावून टाका, जास्तीच्या मानानं कुणी रागावत नाही. ‘तोऽ’ मात्र नीट लांबवा.

२. कशाबद्दल, ते आधी जोडा. लग्नाला ‘गो-केक्कोन’, बाळ झालं तर ‘गो-शुस्सान’, बढतीला ‘गो-शोऽशिन’, वाढदिवसाला ‘ओ-तान्जोऽबी’. सुरुवातीचा गो किंवा ओ हा मानाचा. परीक्षा पास झाल्यावर म्हणतात तो ‘गोऽकाकु’ मात्र वेगळा, तिथला गोऽ मूळ शब्दातलाच आहे.

३. वरिष्ठांना शाबासकी देऊ नका. “छान काम केलंत” हे जपानीत वरून खाली येणारं वाक्य. त्यापेक्षा आपला आनंद सांगा: ‘वाताशी मो उरेशिइ देस’, मलाही आनंद झाला. पत्रात किंवा औपचारिक मेलमध्ये ‘कोकोरो योरी ओइवाइ मोऽशिआगेमास’ लिहावं, म्हणजे मनःपूर्वक अभिनंदन.

४. लग्नात जीभ सांभाळा. किरु (कापणे), वाकारेरु (वेगळे होणे), ओवारु (संपणे) हे शब्द भाषणात वर्ज्य. ‘ताबिताबी’ (वारंवार) यासारखे जोडशब्दही नकोत, कारण लग्न पुन्हा व्हायला नको! समारंभ ‘संपला’ असंही म्हणत नाहीत. ‘ओहिराकी’ म्हणतात, शब्दशः ‘उघडणं’. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

पाकिटाचंही तसंच. मित्राच्या लग्नात साधारण 30,000 येन देतात, नोटा कोऱ्या करकरीत. दोन समान भाग होतील अशी रक्कम टाळतात, आपण 100 वर एक रुपया ठेवतो तसं. पाकिटावरच्या दोऱ्याची (मिझुहिकी) गाठ बघून घ्या: लग्नाला न सुटणारी ‘मुसुबिकिरी’, बाळाच्या वेळी सहज सुटून पुन्हा बांधता येणारी फुलपाखरी गाठ. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी टांगलेली असतात, घाईत चुकीचं उचललं जातं.

५. नवीन वर्षाची तारीख पाळा. 31 डिसेंबरपर्यंत ‘योइ ओतोशि ओ’ (येणारं वर्ष चांगलं जावो), 1 जानेवारी उजाडल्यावरच ‘आकेमाशिते ओमेदेतोऽ गोझाइमास’ (नवीन वर्षाचं अभिनंदन). ज्यांच्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल त्यांना हे म्हणायचं नाही. ती मंडळी आधीच तसं कळवणारं पोस्टकार्ड धाडतात. भेट झालीच तर ‘कोतोशि मो योरोशिकु ओनेगाइशिमास’, या वर्षीही लोभ असू द्या, एवढंच.

६. अभिनंदन तुमचंच झालं तर किंचित वाकून ‘आरिगातोऽ गोझाइमास’, म्हणजे आभारी आहे. “अहो, त्यात काय एवढं” असं झटकून टाकू नका. वडीलधारं कुणी असेल तर आधी ‘ओकागेसामा दे’ म्हणा: तुमच्या कृपेनं.