ग्रुपने चॅरिटी हिल वॉकला जाताय? मग हे आधी ठरवून घ्या

नाव दिल्या दिल्या ग्रुपवर पहिली चर्चा सुरू होते ती टी-शर्टच्या रंगाची. पण खरी कामं दोनच, एखाद्या सामाजिक संस्थेसाठी लोकांकडून पैसे उभे करणं आणि सगळ्यांना एकत्र डोंगरावर नेऊन एकत्र खाली आणणं, आणि दोन्हीला बऱ्याच आधी लागावं लागतं.

पैसे शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जातील असं बघा, एकाच्या पर्सनल खात्यात जमवून मग देऊ म्हटलं की माणूस कितीही सरळ असला तरी प्रश्न येतातच. आपला प्रवास, राहणं, खाणं आपल्याच खिशातून करा आणि पैसे मागतानाच ते सांगून टाका. सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड केला तर लोक लाइक करून पुढे जातात, त्यापेक्षा एकेकाला नावाने लिहा, पैसा कशाला लागणार ते दोन ओळीत सांगा. आणि पहिली देणगी घरच्यांकडून घ्या, देणग्यांच्या ऑनलाइन पानावर आकडा शून्य असेल तर सुरुवात करायला कुणी धजत नाही.

प्रॅक्टिससाठी दीड-दोन महिने तरी हवेत. नुसतं सपाट रस्त्यावर चालून भागत नाही, जिने चढा आणि मुख्य म्हणजे उतरा, कारण मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात ते उतारावरच. त्या दिवशी जे बूट आणि जी बॅग असणार त्यावरच प्रॅक्टिस करा. सुती मोजे नकोत, घामाने ओले झाले की ओलेच राहतात आणि मग फोड ठरलेले. पायाची नखं दोन दिवस आधी कापून टाका, नाहीतर उतरताना बोटं बुटात आपटून हाल होतात.

वेळेचा हिशोब आधीच मांडा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरतात, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर साडेचार तास, पण यात कुठेही थांबणं धरलेलं नाही, त्यामुळे मोठ्या ग्रुपने सहा-सात तास धरूनच निघावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जो सगळ्यात हळू चालतो त्याचा स्पीड तोच ग्रुपचा स्पीड. होतं काय, की पुढचे भराभर जाऊन वर बसतात, पाणी पितात, फोटो काढतात, आणि मागचा धापा टाकत पोचला रे पोचला की हे लगेच उठून निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज त्यालाच ती मिळत नाही. मागचा आल्यावर दहा मिनिटं मोजा, मगच निघा. एक अनुभवी माणूस कायम सगळ्यात शेवटी ठेवा, त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. पायाला कुठे चटका बसल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबून टेप लावायचा, फोड आल्यावर नाही. लोकांना थांबा म्हणायला संकोच वाटतो म्हणून लीडरने पहिल्या अर्ध्या तासात स्वतःहून थांबून प्रत्येकाला विचारावं.

वर थंडी जास्त असते, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा वेगळाच, त्यामुळे खाली ऊन असलं तरी जॅकेट, हेडलॅम्प आणि शिट्टी प्रत्येकाच्या बॅगेत हवीच. बऱ्याच देशांत मदत मागायची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून परत सहा.

परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि ती पाळा. लोकांनी पैसे दिलेत, आता वर गेलंच पाहिजे, हे प्रेशर मनावर फार येतं. म्हणूनच देणगीदारांना आधीच सांगून ठेवा की हवा बिघडली तर आम्ही अर्ध्यातून परत येऊ, पैसे मात्र संस्थेला पूर्ण जातील. याला कुणी नाही म्हणत नाही.

आणि खाली आल्यावर आठवड्याभरात एकूण किती जमले आणि कुठे गेले ते देणाऱ्या प्रत्येकाला कळवा, सोबत सगळ्यांचा एक फोटो, ज्यांनी अगदी थोडे दिले त्यांनाही.